सन्सची किंमत

प्रॉडक्शन डेटाबेसवर, म्हणजे कंपनीच्या चालू कामाच्या खऱ्या माहितीवर, मला फक्त वाचायचा हक्क आहे. पंगतीत बसायचं, पण ताटाला हात लावायचा नाही. हात लावतात आमचे डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे. त्यांना सगळे काका म्हणतात.

साहेबांचं फर्मान निघालं: १,८४० डीलरांची नावं जीएसटी सर्टिफिकेटवर आहेत तशी करा. मग मी आमच्या जमातीचा जुना धंदा केला. एक्सेल टेंपररी टेबलात चढवलं आणि माहिती वाचणाऱ्या सिलेक्टलाच माहिती बदलणारे अपडेट लिहायला बसवलं. नावाच्या मागेपुढे अपडेटचे तुकडे दोन-दोन उभ्या दांड्यांनी जोडायचे आणि क्वेरी मारायची. सोऱ्यातून शेव पडावी तशा तयार ओळी पडतात.

कष्ट सगळे पीठ मळण्यात. ओरॅकलमध्ये, म्हणजे आमच्या डेटाबेसात, मजकूर एकेरी अवतरणात ठेवतात आणि मजकुरातच अवतरण हवं असेल तर ते दोनदा लिहितात. म्हणजे एक छापायला चार लागतात. मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजत होतो. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "मुंग्या झाल्यात का?"

एवढं जमेपर्यंत वसईचे डिसूझा आले. इंग्रजी स्पेलिंगात डीनंतर त्यांचं घरचं अवतरण! ओरॅकलला वाटतं नाव डीपाशीच संपलं, आणि उरलेल्या सूझावर तो खेकसतो. म्हणून एका अवतरणाची दोन करणारं रिप्लेस: आधी चार अवतरणं, स्वल्पविराम, मग सहा. मुंग्यांचं वारूळच.

फाइल पाठवली. काकांचा एकच प्रश्न असतो, "व्हेअर आहे ना?" होता. कोणती ओळ बदलायची ते व्हेअर सांगतो; तो विसरला तर अख्खा महाराष्ट्र एका रात्रीत डिसूझा.

सहा वाजता फोन.

"अहो, हा 'एंटर व्हॅल्यू फॉर सन्स' विचारत होता."

माझ्या पोटात गोळा. पाटील अँड सन्स! अँडचं चिन्ह दिसलं की एसक्यूएल प्लस, म्हणजे काका फाइल चालवतात तो प्रोग्राम, पुढच्या शब्दाला गाळलेली जागा समजतो आणि किंमत विचारतो.

"मग काय दिलंत?"

"काय देणार? नुसतं एंटर. पंचवीस-तीसदा विचारलं मेल्यानं. मध्ये एक ब्रदर्सपण होता."

"कमिट? पक्कं करून टाकलंत?"

"केलं की. साडेसहाची बस आहे माझी."

गावोगावच्या पाटलांचे, शहांचे मुलगे एका संध्याकाळीत बेदखल. भाऊही गेला.

दुसऱ्या दिवशी फाइलच्या डोक्यावर 'सेट डिफाइन ऑफ', म्हणजे 'अँडकडे लक्ष देऊ नकोस', असं लिहून तीच पुन्हा पाठवली. दहा मिनिटांत काकांचा फोन.

"झालं," ते जरा हिरमुसून म्हणाले. "आज काहीच विचारलं नाही हो त्यानं."