'दोन-चार वर्षं तर राहिलीत'

'आता तुम्हाला ट्रेनिंग कशाला? दोन-चार वर्षं तर राहिलीत!' पंचावन्नच्या पुढच्या माणसाला ऑफिसात कुणी ना कुणी हे ऐकवतंच. बहुतेकदा आपुलकीनं. आणि वर्षअखेरीस अप्रेझलमध्ये त्याच माणसाच्या नावापुढे शेरा पडतो, 'नवीन शिकण्याची इच्छा दिसत नाही.'

थॉमस एंग आणि डॅनियल फेल्डमन या दोन अभ्यासकांनी वयस्क कर्मचाऱ्यांबद्दलचे सहा लोकप्रिय समज 2012 मध्ये तपासले, तेही चारशेहून जास्त संशोधनं एकत्र करून. कामात रस नसतो, बदल नको असतो, तब्येत साथ देत नाही वगैरे. सहापैकी पाच समजांना आधार मिळाला नाही. टिकला तो एकच : ट्रेनिंग आणि करिअर वाढवण्याच्या उपक्रमांत ही मंडळी थोडी मागे राहतात.

माझं म्हणणं, हा टिकलेला एक समजसुद्धा वयाच्या खात्यावर सरळ टाकू नका. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांची मांडणी अशी की पुढे किती वेळ उरलाय असं माणसाला वाटतं, त्यावर तो कशामागे धावायचं ते ठरवतो. वेळ थोडा वाटला की ओळखी वाढवणं, पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून शिकणं मागे पडतं. जे आत्ता अर्थपूर्ण वाटतं ते पुढे येतं. मग उठता-बसता 'राहिलीत किती' हे ऐकवलं तर दुसरं काय होणार?

या वयातल्या पार्ट टाइमवाल्यांचं तर विचारूच नका. तास कमी केले म्हणजे यांचा एक पाय दाराबाहेर, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं असतं. मीटिंग नेमकी ते नसताना, नवा प्रोजेक्ट फुल टाइमवाल्याला, यांच्याकडे उरलंसुरलं. त्यात स्वतःहून तास कमी केलेला आणि पूर्ण वेळ काम हवं असूनही न मिळालेला, हे दोघं एकाच यादीत. पहिला कदाचित कामावरच्या प्रेमापोटी टिकून असेल. दुसऱ्याला घर चालवायचंय, त्याला 'मजेत आहात तुम्ही' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ.

सगळ्यांनाच बढती हवी असते असंही नाही. काहींना खरंच नको असते. नव्या पोरांना शिकवण्यात त्यांना जास्त रस असतो. पण ते काम कुणाच्याही अप्रेझलमध्ये मोजलं जात नाही. एचआरमधले कुणी वाचत असतील तर त्यांनी एवढं सांगावं : साठीच्या माणसाला 'पुढं काय करायचंय?' असं तुम्ही शेवटचं कधी विचारलंत? निवृत्तीचे कागद भरून घेताना विचारलेलं धरायचं नाही.