भाताचं खाचर म्हणजे पाझर तलाव नव्हे

‘भात पाणी पीत नाही, जमिनीला पाजतो! उन्हाळ्यातही भात लावा, बोअर निर्धास्त चालवा.’ हा मेसेज मामांनी पाठवला, वर ‘दोन एकर करायचं म्हणतोय’. म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात अचाट वाक्य मधेच लपलंय: ‘चिखलणी जितकी जास्त, तितकं पाणी जास्त मुरतं.’ अहो, चिखलणी करतात कशासाठी? पाणी मुरू नये म्हणूनच! चिखल तुडवून मातीची भोकं बुजवायची, खाली कडक थर धरू द्यायचा, म्हणजे खाचरात पाणी उभं राहतं. हे लिहिणारा कधी खाचरात उतरलाय की नाही, शंका आहे.

‘उपसलेलं सगळं पाणी परत जातं.’ सगळं? भर उन्हात उघडं उभं असलेलं पाणी वाफ होऊन उडतं, शिवाय पीक पानांतून सोडतं ते वेगळंच. समजा, दहा घागरी उपसल्या आणि चार मुरल्या, तर भर चारची नाही, तूट सहाची. त्या चारही वरच्या थरात. खोल बोअरपर्यंत कधी पोचतील, देव जाणे.

मेसेजमधला जपानचा दाखला मात्र खरा आहे, नाइलाजाने मानतो. कुमामोतो शहर भूजलावर जगतं आणि तिथे 2004 पासून भूजल भरावं म्हणून शेतात पाणी साठवून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे मिळतात. पण तिथली माती ज्वालामुखीची, चाळणीसारखी. आणि पाणी शिराकावा नदीचं, वळवून आणलेलं. बोअरचं पाणी उपसून त्याच जमिनीत ओतायला कुणी कुणाला पैसे देत नाही.

भाताने भूजल भरत असतं तर पंजाब आज तुडुंब असता. तिथे वर्षाला जेवढं पाणी भरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. 2009 मध्ये तर 10 जूनआधी लावणी करायची नाही, असा कायदाच करावा लागला, कारण त्याआधीच्या कडक उन्हात लावणी केली की सगळा भार बोअरवर पडतो.

‘भातामुळे पाऊस वाढतो’ वगैरे सोडून देतो.

पावसाळी भाताची गोष्ट वेगळी. बांधामुळे वाहून जाणारं पाणी थबकतं, थोडं मुरतंही. ते पाणी आभाळाचं असतं, मामा. तुमच्या दोन एकरांत येणार ते बोअरचं. मोटर चालू करण्याआधी पाण्याची पातळी मोजून ठेवा, पीक निघाल्यावर पुन्हा मोजा आणि मग तो मेसेज पुढे पाठवा.