शुक्रवारचा रविवार

दोहाला येऊन सहा वर्षं झाली तरी एक गोष्ट अजून अंगवळणी पडली नाही, आमचा रविवार शुक्रवारी असतो. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, मग उपासना पण शुक्रवारी. सगळी चर्च एकाच मोठ्या कंपाउंडात, बाहेरून ना क्रूस ना घंटा, आत मात्र पाय ठेवायला जागा नसते. मी इंग्रजी उपासनेला बसतो आणि प्रार्थना मनात मराठीतच चालते, त्याला काय इलाज नाही.

तर तिथून बाहेर पडून फोन बघितला की बेळगावच्या ग्रुपवर भांडण सुरू. 2021 च्या डिसेंबरात आमच्याच सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटकाच्या विधानभवनात, धर्मांतरविरोधी बिल विधानसभेत पास झालं, 2022 ला कायदा झाला, तेव्हापासून हा विषय काही थंड होत नाही. आमिष म्हणजे काय याची त्यात लांबलचक यादी आहे, पैसा, नोकरी, फुकट शिक्षण, अगदी चांगल्या राहणीमानाचं आश्वासनसुद्धा. एकजण लिहितो तांदळासाठी धर्म बदलून गेलेले लोक, आमचा एकजण खवळून विचारतो, 1820 ला बेळगावात मिशनरी आले, दोनशे वर्षं काय तांदूळच खातोय काय आम्ही? बरोबर आहे त्याचं. आमच्या घरात चौथी पिढी चालू आहे, तांदूळ रेशनचाच.

पण माझं भांडण आपल्याच लोकांशी आहे. आमिषाचा आरोप आला की आपण चिडतो, आणि साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, स्वतः काय सांगतो? व्हिसा लागला, गाठ विरघळली, मुलाला सीट मिळाली, स्तुती असो. मला कतारचा व्हिसा लागला तेव्हा मलाही माईक दिला होता, मी पण बोललो, लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या वडिलांची, आबांची, किडनी गेली, दोन वर्षं आठवड्याला तीन डायलिसिस, सगळी मंडळी प्रार्थना करत होती आणि आबा गेले. त्याची साक्ष मला कुणी मागितली नाही. उलट एकानं विश्वासात कुठंतरी कमी पडलं असेल म्हणून सांगितलं, ते अजून टोचतं.

आबांचा विश्वास कमी वगैरे काही नव्हता. बेळगाव महाराष्ट्राबाहेर ठेवलं म्हणून एक नोव्हेंबरला काळा दिन पाळून दुकान बंद ठेवणारा माणूस, चर्चमध्ये नाताळला मराठी गाणी किती आणि कन्नड किती यावरून पण कमिटीत तंडायचा, आणि डायलिसिसला शेजारच्या बेडवर रामदुर्गकडचे एक आजोबा होते, मराठी अक्षर येत नव्हतं, त्यांचा हात धरून आबा मोडक्या कन्नडात प्रार्थना करायचे. ते आजोबा लिंगायत. हे कायद्याच्या कुठल्या कलमात बसवायचं सांगा. गल्लीतल्या आक्का रोज भाकरी घेऊन यायच्या, "मी बसतो हितं, तू जा घरला" म्हणून आईला पाठवायच्या.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात साधं लिहिलंय, दुःखात असाल तर प्रार्थना करा, आनंदात असाल तर स्तोत्रं गा. दुःखातलं जमतं हो, गळ्याशी आलं की कोणीपण गुडघे टेकतो. मला जड गेलं ते आनंदातलं. इथे पगार वाढला, गाडी घेतली, त्या वर्षी मी सलग चार-पाच शुक्रवार मॉलमध्ये होतो, देवाची आठवण पार्किंग मिळेना तेव्हा फक्त. ही साक्ष द्यायला सांगा कुणीतरी.

आता ताईचा मेसेज आलाय, नाताळच्या आधी परदेशातल्या मुलांचे व्हिडिओ स्क्रीनवर दाखवणार आहेत, देवानं काय काय दिलं ते सांग. मी म्हटलं आबांच्या डायलिसिसचं सांगतो. ती म्हणाली, "नाताळात कशाला रे ते, लोक कुंदा खायला येतात, आणि आई समोर बसलेली असणार." आईला विचार म्हटलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आई म्हणते सांगू दे, पण त्या रामदुर्गच्या आजोबांचं विसरू नको म्हणावं. दोन मिनिटांचाच व्हिडिओ हवाय, तीनदा रेकॉर्ड केला, तिन्ही वेळा पाच मिनिटांच्या वर गेलाय.