सूर्य मावळायच्या आत

परवा नागपूरच्या सदरमधल्या एका हॉटेलात 'बायबल आणि उद्योग-नेतृत्व' या विषयावर व्याख्यान होतं. ओळखीच्या लोकांनी फारच आग्रह केला म्हणून गेलो. तर्री-पोहे झकास होते, हे आधीच सांगून टाकतो. वक्ते बाहेरगावचे. दोन तास त्यांनी येशूने सांगितलेला तालान्तांचा दाखला लावून धरला. तालान्त म्हणजे त्या काळची मोठी रक्कम. धन्याने एकाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक तालान्त दिला. पहिल्या दोघांनी दुप्पट करून आणले, तिसऱ्याने जमिनीत पुरून ठेवला. म्हणजे देवाला 'ग्रोथ' आवडते, असं ते म्हणाले. माझ्या शेजारी आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वयस्क काका बसले होते. ते हळूच म्हणाले, "ह्या माणसाले कधी पगार वाटाचं काम नाई पडलं वाटते."

मी हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं लहान युनिट चालवतो, बावीस माणसं. घरात ख्रिस्ती म्हणून आमची तिसरी पिढी, घर मेकोसाबागेत, कॉलेज हिस्लॉप. बायबल लहानपणापासून कानावरून गेलेलं. माझं मत असं झालंय की त्यातलं धंद्याचं खरं शहाणपण मोठ्या स्वप्नांच्या वचनांत कमी आहे आणि पैसे कधी द्यायचे, या रूक्ष वचनांत जास्त आहे. मोशेच्या नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सांगितलंय की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. लेवीय १९ म्हणतं, मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. असल्या वचनांवर हॉटेलात व्याख्यान ठेवलं तर कोण येईल म्हणा!

मी काही साधुसंत नाही. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्राहकाने माझं बिल पाच महिने अडकवलं. तेवढ्या काळात मी कामगारांचा एकही पगार चुकवला नाही, आणि याचा मला भारी अभिमान होता. फक्त वाडीतल्या एका लेथवाल्याचे ७८ हजार "पुढच्या आठवड्यात देतो" करत लांबवत राहिलो. एका रविवारी आम्ही उपासनेवरून घरी आलो, बायकोच्या हातात बायबल, आणि हा माणूस फाटकाशी उभा. म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडचे आले नाई म्हणून मी माह्या हेल्परचे थांबवून राहिलो. तो मले शिव्या देते, मी कोणाले देऊ?"

मी त्याला चहा पाजला. त्या दिवशीही दहाच हजार दिले, हे सांगायला आजही लाज वाटते.

तोवर मी स्वतःला त्या ओरडणाऱ्या मजुरीच्या बाजूचा समजत होतो. वरचा ग्राहक माझा धनी, मी लेथवाल्याचा धनी आणि लेथवाला त्याच्या हेल्परचा. "वरून आले नाहीत" ही सबब प्रत्येक पायरीवर खरीच असते. पण मोशेच्या नियमशास्त्रात ती कुठेच दिलेली नाही. मुदत तेवढी दिलीय, सूर्यास्ताची.

आपल्या कायद्यात ती ४५ दिवसांची आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५ दिवस ठरवून दिलेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल त्या मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी वजा मिळतो, आधी नाही. हे लागू झालं तेव्हा एका ग्राहकाने मला अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमची ती लघुउद्योगाची नोंदणी रद्द करता येते का हो?" आणि 'बँक बंद झाली' हे कारणही आता चालत नाही, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असते.

त्या वक्त्यांनी जॉन वेस्लीही आणला. आमच्या मेथॉडिस्ट पंथाचा हा संस्थापक, म्हणजे घरचाच माणूस. अठराव्या शतकातलं त्यांचं पैशावरचं प्रवचन प्रसिद्ध आहे : जमेल तेवढं मिळवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. टाळ्या पडल्या. पण 'मिळवा' म्हटल्यावर लगेच वेस्ली अटी घालतात, त्या कोणी वाचून दाखवल्या नाहीत. बाजारभावाच्या खाली विकून शेजाऱ्याचा धंदा बुडवू नका. त्याला गरज असलेले कामगार फोडू नका. आमच्या एमआयडीसीत पाचशे रुपये जास्त देऊन शेजारच्या शेडमधला वेल्डर उचलणं याला हुशारी म्हणतात. मीही दोनदा केलंय.

बायबल जसंच्या तसं ऑफिसात लावायला गेलं की तोंडावर पडायला होतं, तेही सांगतो. मत्तय २०मधला द्राक्षमळ्याचा धनी मला फार आवडतो. तो मजूर आणायला स्वतः ठिय्यावर जातो, पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला. पाचला उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. सकाळी नऊनंतर ठिय्यावर उरलेल्या माणसांचे चेहरे ज्याने पाहिलेत, त्याला हे उत्तर समजावून सांगावं लागत नाही. धनी सगळ्यांना सारखाच एक दिनार, म्हणजे दिवसाची मजुरी देतो, आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. मी भारावून एका दिवाळीला सगळ्यांना सरसकट सारखा बोनस दिला. चौदा वर्षं जुना वेल्डर पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, इतके वर्षं मी का झक मारली का?"

आधी वाटलं, हा तर दाखल्यातला कुरकुऱ्या मजूर! नंतर वही काढून पाहिलं. त्या धन्याने सकाळच्या मजुरांना ठरलेलं पूर्ण दिलं आणि शेवटच्यांचं जास्तीचं स्वतःच्या खिशातून भरलं. मी एकूण रक्कम तेवढीच ठेवली होती. म्हणजे जुन्याच्या ताटातलं काढून नव्याला वाढलं आणि वर औदार्याचं श्रेयही घेतलं. नव्या वर्षाच्या आत त्याचा फरक भरून दिला.

दुसरी शेड काढायच्या वेळी तर मी सरळ बायबलमधला राजा रहबाम झालो होतो. त्याने आधी वडीलधाऱ्यांना विचारलं, मग बरोबरीच्या पोरांना, आणि ऐकलं तेवढं मनात होतं तेच. त्याच्या राज्यातले दहा वंश फुटून गेले. मला बुटीबोरीतला प्लॉट विकावा लागला, एवढ्यावर निभावलं. अकाउंटंटने दोनदा नको म्हटलं होतं.

आता लहान जॉबवर्कची बिलं शनिवारी दिवस मावळायच्या आत, असा नियम केलाय. आज दोन उरली आहेत. वरचे पैसे आलेले नाहीत, ओव्हरड्राफ्टमधून देतोय. एक गेलं. दुसऱ्याच्या ओटीपीची वाट बघत ही पोस्ट लिहायला घेतली, आणि खिडकीतलं ऊन आता भिंतीवर चढलंय.