नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात बंदूक कशी घालावी

अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांसाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतलंय ना? मग बंदुकीचा परिच्छेद आधी उरकून टाका. त्याला कष्ट लागत नाहीत. पोहण्याच्या तलावावर लिहायचं तर नाकी नऊ येतात. कुंपण चारही बाजूंनी, निदान चार फूट उंच, फाटक आपोआप मिटणारं, कडी पोराच्या हाताला न लागणारी. गाडीतल्या बाळाच्या सीटचं तर विचारूच नका. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी, खांद्यावरचा पट्टा चिमटीत येता कामा नये. बंदुकीला यातलं काही लागत नाही. ‘घरात बंदूक नसणे हा सर्वांत सुरक्षित उपाय’ असं लिहा, पूर्णविराम द्या, चहा प्यायला जा. अमेरिकेत १ ते ४ वर्षांची मुलं इतर कशाहीपेक्षा बुडूनच जास्त दगावतात; म्हणून ‘तलाव बुजवा’ असं कोणी लिहीत नाही. तो प्रश्न मनात आणू नका.

आता एक आकडा हवा. ४३ घ्या, उत्तम चालतो. सिएटलच्या किंग काउंटीतल्या मृत्यूंवरून १९८६ साली निघाला, आणि अजून चालतोय. घरात ठेवलेल्या बंदुकीने स्वसंरक्षणात एक माणूस मेला, तर त्यामागे तिनेच दुसरे ४३ मृत्यू झाले. या ४३ पैकी ३७ आत्महत्या होत्या, ते मात्र सांगू नका. बंदूक नुसती दिसली आणि चोर पळाला, तर तो या हिशेबात येत नाही, हेही नको. वर्षाला किती लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात, याचे अंदाज साठ हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत पसरलेत. एवढ्या पसाऱ्यातून चार पर्यायांचा प्रश्न निघत नाही. गाळा.

२०२० पासून १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. हे खरं आहे, जरूर छापा. वर मथळा ‘बालकांचे मृत्यू’ असा द्या आणि शेजारी दोन वर्षांच्या पोराचं चित्र. यातला मोठा भाग मिसरूड फुटलेल्या पोरांचा असतो, अठरा-एकोणीसचे तर मतदार असतात, पण त्यांचं चित्र गोंडस येत नाही. २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या, ५४९ अपघात. तेव्हा अपघाताला रंगीत चौकट द्या आणि आत्महत्येला अर्धं वाक्य.

मोंटानाच्या शिकारी घरातला एखादा विद्यार्थी हे वाचून भडकेल. ‘सगळं पुस्तकच बंदुकीच्या विरोधात!’ म्हणून ओरडेल आणि रागाच्या भरात त्या २६,३२८ लाही पक्षपात ठरवेल. ओरडू द्या. त्याने खरा आकडा नाकारला की तुमचा अर्धा आकडा शहाणा दिसतो.

आणि मुख्य गोष्ट, बंदुकीला कधी हात लावू नका; लिहिताना अडचण होते. ‘बंदूक रिकामी करून ठेवावी’ इतकंच लिहा. कशी, ते लिहायला गेलात तर फार खोलात जाल. पिस्तूलच घ्या. नळी निर्धोक दिशेला, बोट ट्रिगरपासून (चापापासून) लांब. मग आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढायचं, नंतर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची म्हणजे चेंबरमधली, नळीच्या मागच्या खोबणीत बसलेली गोळी बाहेर पडते, मग स्लाइड मागेच अडकवून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला की घात. आधी स्लाइड ओढली तर एक गोळी खाली पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी चेंबरमध्ये बसते. माणूस मग मॅगझिन काढतो, जमिनीवरची गोळी पाहतो आणि ‘झाली रिकामी’ म्हणतो. नुसतं मॅगझिन काढून निर्धास्त होणाऱ्याचंही तेच, चेंबरमधली गोळी तिथेच राहते. पण हे छापलं तर पुस्तक बंदूकवाल्यांचं वाटेल.

केबल लॉकचंही नाव काढू नका. पोलादी तार काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून घालून मॅगझिनच्या खाचेतून खाली काढायची आणि कुलूप लावायचं. मग स्लाइड मिटत नाही, मॅगझिन आत जात नाही. अमेरिकेत बऱ्याच पोलीस ठाण्यांत ही कुलपं फुकट मिळतात. पण ती वाटण्याचा कार्यक्रम बंदूक उद्योगाच्या संघटनेचा आहे, तेव्हा विटाळ होईल.

‘बंदूक कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात’ हे वाक्य मात्र ठेवा. बचावासाठी बंदूक ठेवणारा विचारेल, मग चोराला बसायला खुर्ची देऊ का? वॉशिंग्टन शहराचा असाच नियम, बंदूक सुटी करून किंवा ट्रिगरला कुलूप लावून ठेवण्याचा, सुप्रीम कोर्टाने २००८ साली याच मुद्द्यावर रद्द केला. पलंगाला बोल्टने घट्ट केलेली, चार बटणांनी झटकन उघडणारी पेटी मिळते, पण ती सुचवलीत तर पेशंट ऐकेल. (आपल्याकडे परवान्याची बंदूक म्हणजे निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची वस्तू. मराठी विद्यार्थ्याला ही खुर्चीची भानगड कळायला एक सत्र जातं.)

पेशंटला विचारायचा ‘घरात बंदूक आहे का?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये ‘दारू किती घेता?’ आणि ‘घरात कोणी मारतं का?’ यांच्या मधोमध घाला. हा प्रश्न विचारण्यावर फ्लोरिडाने २०११ मध्ये बंधन आणलं होतं, २०१७ मध्ये अपील कोर्टाने ते मोडून काढलं. विचारायचा हक्क असा कोर्टातून मिळालेला, तेव्हा आवाजात थोडा तोरा हवाच. पेशंट ‘नाही’ म्हणेल. खूण करा, पुढे चला. समोरचा बाप सोळा वर्षांच्या, महिनाभर खोलीबाहेर न पडलेल्या पोराला घेऊन आला असेल आणि घरी तीन रायफली असतील. ‘कपाटाची किल्ली पोराला माहीत आहे का? दोन महिने भावाकडे ठेवता येतील का? तुमच्या राज्यात त्याला कागदपत्रं लागतात का?’ हे तिन्ही प्रश्न धड्यात नसले की तो घरी जाऊन काही बदलत नाही, आणि बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी जवळपास नऊ वेळा जीव घेतो.

गोळी एकदा शरीरात शिरली की मग तुमच्या पुस्तकाला कंठ फुटू द्या. कपडे कापताना भोकाच्या बाजूने कापा, भोकातून नको. ते कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो. हातांवर कागदी पिशव्या बांधा. जखमेची जागा आणि माप लिहा. गोळी इथून शिरली, तिथून निघाली, असे निष्कर्ष नोंदवू नका. या प्रकरणाला वीस पानं द्या. आणि शेवटच्या सूचीत ‘बंदूक’ शोधणाऱ्याला ‘पाहा: हिंसाचार’ असं लिहून सोडा.