'स्वच्छ कोळसा' म्हणजे नेमकं काय धुतलं?

ट्रम्प यांची कोळशावरची मतं मराठीत उतरवून एक फॉरवर्ड सध्या गटागटांत फिरतोय. ओबामांच्या नियमांनी अमेरिकेतला कोळसा मारला, ट्रम्प यांनी नियम उडवून आणि सरकारी खर्च छाटून तो जगवला, खाणकामगारांना काम परत मिळालं, आणि आताचा कोळसा 'स्वच्छ' असतो, असं त्यात आहे. काकांनी तो घरच्या गटात टाकून वर लिहिलं, 'आपल्याकडेही हेच हवं.' म्हणून हे उत्तर.

आधी 'स्वच्छ'. ट्रम्प यांच्या ८ एप्रिल २०२५ च्या सरकारी आदेशाच्या नावातच 'सुंदर, स्वच्छ कोळसा' आहे. कोळसा धुतात हे खरं. विदर्भातल्या घुग्घुस-वणीच्या कोळसापट्ट्यातल्या लोकांना वॉशरी, म्हणजे कोळसा धुण्याचा कारखाना, काय ते सांगायला नको. मॅग्नेटाइट या जड लोहखनिजाची पूड पाण्यात कालवून जड द्रव करतात. कोळसा तरंगतो, दगड बुडतो. राख कमी होते, थोडं गंधक जातं. कार्बन मात्र जात नाही, कारण जळतो तो कार्बनच. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ६५ टक्के कार्बन असलेल्या एका टन कोळशातून जवळजवळ २.४ टन. तो पकडायचा तर वीज केंद्राला जोडून दुसरा कारखानाच उभारावा लागतो. मिसिसिपीतल्या केम्पर केंद्रात हाच प्रयोग झाला. खर्च सुमारे ३ अब्ज डॉलरवरून साडेसात अब्जांवर गेला, २०१७ मध्ये कोळशापासून वायू करण्याचं काम थांबवलं आणि केंद्र नैसर्गिक वायूवर चालू ठेवलं.

यापेक्षा घातक मुद्दा 'नियम काढले की कामगाराचं भलं' हा. वेस्ट व्हर्जिनिया-केंटकी पट्ट्यातले जाड थर बरेचसे संपलेत. थर पातळ असला की कंटिन्युअस मायनर या सलग कापत जाणाऱ्या यंत्राला कोळशासोबत छताचा आणि तळाचा खडकही कापावा लागतो, आणि त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. ती रोखायला यंत्राच्या दातेरी, कापणाऱ्या ड्रमजवळ पाण्याचे फवारे असतात आणि ताजी हवा कापणीच्या तोंडापर्यंत नेणारा पडदा असतो. फवाऱ्यांची तोंडं बुजतात. दात बोथट झाले की खडक कापला न जाता दळला जातो आणि धूळ आणखी बारीक होते. पडदा मागे राहिला की ती धूळ तिथेच घुमते. यातलं काहीही दुरुस्त करायचं तर यंत्र थांबवावं लागतं, आणि थांबलेलं यंत्र कोणत्याच मालकाला परवडत नाही. निरीक्षक लागतो तो यासाठी.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासानुसार, मध्य अ‍ॅपलाचियात, म्हणजे याच डोंगराळ पट्ट्यात, २५ किंवा अधिक वर्षं खाणीत काढलेल्या दर पाच कामगारांमागे एकाला 'ब्लॅक लंग', म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, आहे. एप्रिल २०२४ मध्ये सिलिकाची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमवरून ५० वर आणली. वर्षभरात ट्रम्प प्रशासनाने तिची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि कामगारांच्या छातीचे एक्स-रे तपासणाऱ्या संस्थेतले लोकही कमी केले. न्यायालयाने आदेश दिला तेव्हा ते परत आले.

५ एप्रिल २०१० ला वेस्ट व्हर्जिनियातल्या अप्पर बिग ब्रँच खाणीत २९ माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं: यंत्राचे झिजलेले दात, बिघडलेले फवारे, आणि भुकटी पेटू नये म्हणून साचलेल्या कोळशाच्या भुकटीवर टाकायची, पण न पसरलेली चुनखडीची पूड. मिथेनचा एवढासा भडका त्या भुकटीमुळे खाणभर धावला. त्यानंतर भुकटीत किमान ८० टक्के न जळणारा भाग हवा, असा नियम आला. यातला कोणता नियम काढायचा, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

'नियमांनी कोळसा मारला' याचं उत्तर ट्रम्प यांच्याच ऊर्जा खात्याने दिलंय. मंत्री रिक पेरी यांनी मागवलेला ऑगस्ट २०१७ चा अहवाल सांगतो की कोळसा आणि अणुवीज केंद्रं बंद पडण्यामागे सर्वांत मोठा वाटा स्वस्त नैसर्गिक वायूचा आहे. वीज केंद्रांचा कार्बन डायऑक्साइड कमी करण्याच्या ओबामांच्या ज्या 'क्लीन पॉवर प्लॅन'वर सगळा राग आहे, त्याला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये स्थगिती दिली होती. तो कधी लागूच झाला नाही. एक मात्र मान्य करावं लागेल. पाऱ्याच्या उत्सर्जनावरचा नियम २०१५ मध्ये लागू झाला, तेव्हा बरीच जुनी, छोटी केंद्रं बंद झाली. उरलेल्या आयुष्यासाठी नवी यंत्रणा बसवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

रोजगाराचं म्हणाल तर ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला कोळसा खाणींत सुमारे ५० हजार कामगार होते, शेवटी ४० हजारांच्या आसपास. कोविडचं कारण पुरत नाही. उत्पादन २०१६ मध्ये ७२.८ कोटी शॉर्ट टन (अमेरिकी टन) होतं आणि कोविडच्या आधीच, २०१९ मध्ये, ७०.६ कोटींवर आलं होतं.

सरकारी खर्च छाटला म्हणे! सप्टेंबर २०२५ मध्ये कोळसा केंद्रांसाठी ६२.५ कोटी डॉलर जाहीर झाले. मिशिगनमधलं कॅम्पबेल हे कोळशाचं वीज केंद्र त्याच वर्षी मेअखेर बंद होणार होतं. ते ट्रम्प सरकारच्या आदेशाने चालू ठेवलं. पहिल्या पाच आठवड्यांतच २.९ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला, आणि तो वीजग्राहकांच्या माथी गेला. त्याच वर्षी मोंटानातला १६.७ कोटी टन सरकारी कोळसा लिलावात काढला. बोली एकच आली, १ लाख ८६ हजार डॉलरची, म्हणजे टनाला सेंटचा जेमतेम दहावा हिस्सा. ती सरकारलाच नाकारावी लागली.