मोडलेला जबडा बर्जेसचा नव्हे, सॅटलरचा

रग्बी लीग या रग्बीच्या प्रकारातला इंग्लिश फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) सॅम बर्जेस मोडक्या जबड्यानिशी अंतिम सामना खेळला आणि तिथेच त्याची कारकीर्द संपली, असा मजकूर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

५ ऑक्टोबर २०१४ ला सिडनीत ऑस्ट्रेलियन लीगच्या अंतिम सामन्यात बुलडॉग्ज संघाविरुद्ध पहिल्याच टकरीत मोडलं ते त्याच्या गालाचं हाड. तरी तो पूर्ण ८० मिनिटं खेळला, सामनावीर ठरला आणि त्याच्या साउथ सिडनी क्लबला ४३ वर्षांनी विजेतेपद मिळालं. जबडा मोडला होता याच क्लबचा कर्णधार जॉन सॅटलर याचा, १९७० च्या अंतिम सामन्यात मॅनली संघाविरुद्ध. सुरुवातीलाच ठोसा बसूनही तो शेवटपर्यंत मैदानात राहिला. एवढ्या धैर्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये.

बर्जेस निवृत्त झाला २०१९ मध्ये, खांद्याच्या दुखापतीमुळे.